दुसरे वर्ष, दुसऱ्यांदा : नाशिकमधील गणिताच्या एका विद्यार्थिनीच्या महाविद्यालय-बदलाचे प्रकरण

जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकरोडचे एक परिचित कुटुंब माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. त्यांची थोरली मुलगी मुंबई महानगरातील एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण करून घरी परतली होती. गणित हा तिचा मुख्य विषय होता, चारही सत्रांची मिळून सरासरी दहापैकी ९.१ होती, आणि पुढे एम.एस्सी. करून गणितातच राहायचे हे तिने बारावीतच ठरवले होते. एप्रिलमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आई सिन्नर तालुक्यातील एका शाळेत प्राथमिक शिक्षिका, धाकटा भाऊ दहावीच्या उंबरठ्यावर, आणि कल्याणला ज्या मावशीकडे मुलगी राहत होती तिच्या घरातही सासूबाईंचे दुखणे निघालेले. मुलीने नाशिकला परत यायचे, हे कुटुंबाने आधीच ठरवले होते. त्यामुळे माझ्यापुढे आलेला प्रश्न एका ओळीचा होता : तिसऱ्या वर्षाचे गणित जवळपास कोठे घ्यावे?

हा प्रश्नच नीट मांडलेला नाही, हे कळायला मला दहा-बारा दिवस लागले. नाशिकमधील एका वरिष्ठ महाविद्यालयात मी एकोणतीस वर्षे गणित शिकवले असून मधूनच दुसरीकडून आलेले विद्यार्थी जवळजवळ दरवर्षी पाहिले आहेत. तरीही या प्रकरणात मी दिलेला पहिला सल्ला टिकला नाही. तो का टिकला नाही, हे या लेखातील सर्वांत उपयोगी भाग ठरेल असे वाटते. प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. संस्थांची नावे दिलेली नाहीत, कारण त्यांची प्रतवारी लावण्याचा येथे हेतू नाही.

दोन आकृतिबंधांच्या मध्ये

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० महाराष्ट्रातील सर्व महाविद्यालयांत एकाच वर्षी लागू झाले नाही. स्वायत्त महाविद्यालयांच्या पदवी वर्गांत ते २०२३-२४ पासून आले, तर विद्यापीठांशी संलग्न असलेल्या साध्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. पालकांना हा तपशील कार्यालयीन वाटतो. या मुलीच्या बाबतीत मात्र सगळी अडचण याच एका वर्षाच्या फरकातून निर्माण झाली. तिचा प्रवेश २०२३ चा आणि स्वायत्त महाविद्यालयातला, म्हणजे ती नव्या आकृतिबंधाच्या, म्हणजे या धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रम-रचनेच्या, पहिल्या तुकडीत होती. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांत जून २०२५ मध्ये तिसऱ्या वर्षात गेलेला वर्ग जुन्या आकृतिबंधाचा शेवटचा वर्ग होता. नव्या आकृतिबंधाची पहिली तुकडी तेव्हा दुसऱ्या वर्षात पाऊल टाकत होती. थोडक्यात, ती ज्या वर्गासाठी पात्र होती तो वर्ग नाशिकच्या संलग्न महाविद्यालयांत अजून अस्तित्वातच आलेला नव्हता.

तिच्या गुणपत्रकांवर सत्राला २२ याप्रमाणे दोन वर्षांचे ८८ श्रेयांक (क्रेडिट) होते. त्यांपैकी मुख्य विषयाचे, म्हणजे निव्वळ गणिताचे, २८. उरलेले मायनर म्हणजे दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य अभ्यासक्रम, समाजसेवा प्रकल्प वगैरेंत वाटले गेले होते. या वाटणीवर मला टीका करायची नाही; भाषा आणि इतिहास शिकलेला गणिती मला आवडतो. पण जुन्या आकृतिबंधात तिसऱ्या वर्षी विद्यार्थी फक्त एकच विषय घेतो आणि सबंध वर्ष त्या विषयाच्याच पेपरांनी भरलेले असते. तो भार विद्यार्थ्याला पेलेल अशा बेताने त्याची आधीची दोन वर्षे आखलेली असतात. ८८ हा आकडा तिथे पुरेसा दिसला, तरी त्याच्या पोटातील २८ पुरेसे आहेत का, हे कोणी विचारलेले नव्हते.

दुसरी बाब नियमाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीने शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षे वैध राहतात आणि दुसऱ्या संस्थेत वळवता येतात. ‘श्रेयांक बँकेत आहेत, आता कुठेही चालतात,’ असे मुलीला तिच्या वर्गमित्रांनी सांगितले होते. याच नियमावलीतील दुसरी अट मात्र त्यांनी वाचली नव्हती : जी संस्था पदवी देणार तिच्याकडे किमान पन्नास टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीचे १३२ श्रेयांक धरले आणि ८८ बाहेरून आणले, तर नव्या संस्थेत उरतात ४४, म्हणजे एक तृतीयांश. बँकेच्या वाटेने केवळ शेवटचे वर्ष दुसरीकडे करून त्या संस्थेची पदवी घेणे त्यामुळे बसत नव्हते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची असेल तर एकूण १७६ पैकी उरलेले ८८ बरोबर निम्मे होतात. तिसऱ्या वर्षी दारे बंद आणि चौथे वर्ष धरले की ती नेमकी उघडी, असा हा गमतीदार हिशेब होता आणि माझा पहिला सल्ला त्यातूनच निघाला.

पुणे, आणि आईचे उत्तर

मी पुणे सुचवले. तेथील एखाद्या स्वायत्त महाविद्यालयात नव्या आकृतिबंधाचे तिसरे वर्ष त्याच जूनमध्ये सुरू होत होते, तिथेच चौथे वर्ष केले की निम्म्याची अट पूर्ण होत होती आणि एकही वर्ष वाया जात नव्हते. शिवाय गणिताच्या विद्यार्थ्याला पुण्यात जे वातावरण मिळते ते नाशिकमध्ये नाही, हे मान्य केले पाहिजे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंस्था तिथे आहे, पाषाणला आयसर ही विज्ञानशिक्षण व संशोधनाची संस्था आहे, शनिवारी कुठे ना कुठे व्याख्यान असते, आणि मुख्य म्हणजे सोबत बसून गणिते सोडवणारी चार मुले सापडतात. नाशिकहून पुणे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. ‘जवळच आहे, महिन्यातून दोनदा येईल,’ असे मी म्हणालो.

आईने ऐकून घेतले आणि दोन दिवसांनी फोन केला. ‘सर, पुणं तुम्हाला जवळ वाटतं. आमच्याकडे रात्री दोनला एकदा आणि चारला एकदा यांना कूस बदलून द्यावी लागते. मी एकटीनं ते महिनाभर केलंय, पुढं जमणार नाही.’

या वाक्याने माझा हिशेब मोडला, आणि तो मोडायलाच हवा होता. मी अंतर नकाशावर मोजत होतो. नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही, बसने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करीत पाच तास लागतात, हे मी विचारात घेतले होते. मुलगी नाशिकला परतली ती मुळात कशासाठी, हे विचारात घेतले नव्हते. त्यानंतर आम्ही दोन कागद केले. एका कागदावर घरातील दिवसाचे वेळापत्रक मांडले आणि दुसऱ्यावर गणिताचे. जो पर्याय दोन्ही कागदांवर बसणार नाही तो सोडायचा, असे ठरले.

याच कसोटीवर आणखी काही पर्याय लवकर गळाले. जुन्या महाविद्यालयातच नाव ठेवून रोज जाणे-येणे करण्याची कल्पना मुलीची होती. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून रोज मुंबईला नोकरीला जाणारी माणसे शेकड्याने आहेत, मग कल्याणपर्यंत आपण का जाऊ नये, असा तिचा युक्तिवाद. पण सकाळी सातला निघून रात्री दहाच्या सुमारास परतणाऱ्या मुलीचा वडिलांना उपयोग नव्हता आणि मेट्रिक स्पेसेससारख्या तिसऱ्या वर्षाच्या विषयाचा अभ्यास कसारा घाटात होत नाही. जळगावच्या विद्यापीठाची महाविद्यालये रेल्वेने सोयीची असली तरी तिथेही राहावे लागले असते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच, गंगापूर धरणाजवळ आहे, आणि घरी राहून शिकण्यासाठीच ते १९८९ मध्ये स्थापन झाले. नोकरी करणाऱ्यांना मी ते आवर्जून सुचवतो. या मुलीला मात्र फळ्यासमोर उभे करून ‘का?’ विचारणारे माणूस हवे होते. ते का, हे पुढे येईलच. शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाचे शुल्क ऐकून आईने वहीच मिटली.

राहिले नाशिकचे संलग्न महाविद्यालय. तिथे दोन दारे होती. एक, श्रेयांक बँकेच्या वाटेने न जाता विद्यापीठाकडून समकक्षता (आधीचे पेपर इथल्या पेपरांच्या तोडीचे आहेत असा निर्णय) आणि पात्रता मिळवून जुन्या आकृतिबंधाच्या तिसऱ्या वर्षात बसणे. दोन, पहिल्या वर्षाचे श्रेयांक वळवून नव्या आकृतिबंधाच्या दुसऱ्या वर्षात पुन्हा बसणे. घरातील सर्वांचा कल अर्थात पहिल्याकडे होता. मावशीने कल्याणहून सांगून ठेवले होते, ‘पास झालेल्या पोरीला पुन्हा त्याच वर्गात बसवणार? लोक काय म्हणतील, नापास झाली म्हणतील.’

जेवणाच्या टेबलावरचे सहा प्रश्न

कागदपत्रे बाजूला ठेवून एका रविवारी मी मुलीला घरी बोलावले आणि सहा प्रश्न दिले. वेळेचे बंधन नव्हते, पुस्तक पाहायला मुभा नव्हती. हे मी माझ्या विद्यार्थ्यांसाठीही करीत असे, कारण दोन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत पेपरांची नावे सारखी असली तरी नावाखाली काय शिकवले गेले हे नावावरून कळत नाही.

तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर तिने चार मिनिटांत काढले. दुसऱ्या क्रमाचे, स्थिर सहगुणकांचे विकलक समीकरण त्याहून लवकर सुटले. हात सफाईदार होता, आकडेमोडीत चूक नव्हती.

तिसरा प्रश्न होता : बंद अंतरालावर संतत असलेले फल सीमित असते, हे सिद्ध करा. तिने एक सुबक आलेख काढला आणि खाली लिहिले, ‘फल संतत असल्यामुळे हे उघड आहे.’ मी विचारले, अंतराल उघडे असते तर? शून्य ते एक या उघड्या अंतरालावर एक भागिले क्ष हे फल संतत आहे आणि ते कुठल्याही सीमेत मावत नाही. मग ‘संतत असल्यामुळे’ एवढे पुरत नाही, अंतराल बंद असण्याचा उपयोग कुठेतरी झाला पाहिजे. तो कुठे झाला? ती गप्प बसली. चौथा प्रश्न क्ष-वर्ग हे फल सर्व वास्तव संख्यांवर एकसमान संतत आहे का, असा होता. ‘नाही, कारण आलेख फार चढत जातो,’ हे तिचे उत्तर बरोबर होते, पण एप्सिलॉन आणि डेल्टा घेऊन, म्हणजे व्याख्येच्या काटेकोर भाषेत, ते मांडता येईना.

पाचवा प्रश्न नाशिकचा होता. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक इथल्या मुलांना ऐकून माहीत असतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि तेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे हीच संख्या येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे घडते. ते का घडते हे मी विचारले नव्हते. पहिल्याच पायरीपासून प्रत्येक उत्तराला नऊने भाग का जातो, एवढेच विचारले होते. तिने तीन उदाहरणे करून पाहिली, तिन्हींना भाग गेला, आणि ती थांबली. ‘जातो, सर, प्रत्येक वेळी जातो.’ दहा, शंभर आणि हजार यांना नऊने भागल्यावर काय उरते एवढे विचारताच तिने उरलेला युक्तिवाद स्वतः पूर्ण केला : दोन्ही संख्यांचे अंक तेच, म्हणून नऊने भागल्यावर दोघांची बाकी तीच, म्हणून वजाबाकीला निःशेष भाग. दोन मिनिटे लागली आणि ती मोकळेपणाने हसली. बुद्धीचा प्रश्न नव्हता, हे तेव्हा पक्के झाले.

सहावा प्रश्न ग्रीनच्या प्रमेयाचा. ते तिच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षी होते. नाशिकच्या जुन्या आकृतिबंधात सदिश कलन दुसऱ्या वर्षीच होऊन गेलेले असते.

नंतर मी तिच्या मागील सत्रांच्या प्रश्नपत्रिका पाहिल्या. ‘काढा’, ‘शोधा’, ‘सोडवा’ ही क्रियापदे जागोजागी होती. ‘सिद्ध करा’ सत्राला एक-दोनदा, आणि तेही पर्यायात. ९.१ ही सरासरी खरी होती. ती ज्या गोष्टीचे माप होती, ती गोष्ट तिसऱ्या वर्षाला पुरणारी नव्हती, एवढेच. मेट्रिक स्पेसेसमध्ये संहत संचाची कल्पना येते ती तिसऱ्या प्रश्नातील बंद अंतरालाचेच व्यापक रूप म्हणून. ज्याला मूळ प्रमेयात अडचण कुठे आहे हे दिसले नाही, त्याला व्याख्या पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमध्ये कोशीचे प्रमेय वर्गात बहुधा ग्रीनच्या प्रमेयाच्या आधाराने सिद्ध केले जाते. ग्रुप थिअरीत लाग्रांजच्या प्रमेयापर्यंत पोचताना नऊच्या बाकीसारखीच वर्गवारी करावी लागते. तिची तिन्ही रिकामी घरे नेमकी या सांध्यांवर होती. श्रेयांक बँकेतून वळवता येतात. हे सांधे वळवता येत नाहीत, आणि समकक्षतेचे कोणतेही पत्र ते भरून देत नाही.

वर्गात बसून पाहणे

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन महाविद्यालयांत विभागप्रमुखांची परवानगी घेऊन प्रत्येकी दोन तास मागच्या बाकावर बसलो. प्रवेशापूर्वी हे फार थोडे पालक करतात. माहितीपत्रकातील रंगीत छायाचित्रांपेक्षा फळा अधिक सांगतो.

पहिले महाविद्यालय घरापासून दोन किलोमीटरवर होते. गणिताचे पूर्णवेळ शिक्षक एक, आणि तासिका तत्त्वावर एक. तिसऱ्या वर्षात नऊ विद्यार्थी. पूर्णवेळ शिक्षक जीव ओतून शिकवणारे होते, पण ऐच्छिक पेपर कोणता चालवायचा याचा निर्णय त्या एकट्यांच्या सवडीवर होत होता, एम.एस्सी. तिथे नव्हते आणि तास अकरा ते साडेतीन असे होते.

दुसरे गंगापूर रोडच्या बाजूला, घरापासून बारा-तेरा किलोमीटरवर. पाच शिक्षक, त्यांतील दोघे तासिका तत्त्वावर. एम.एस्सी. गणित त्याच इमारतीत, ग्रंथालय सायंकाळपर्यंत उघडे, आणि पदवीचे तास सकाळी साडेसात ते साडेबारा. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिक्षिका क्रमिकांच्या (सीक्वेन्सच्या) अभिसरणाची व्याख्या शिकवत होत्या. व्याख्या फळ्यावर लिहून झाल्यावर त्यांनी तिचा नकार लिहायला सांगितला, म्हणजे एखादी क्रमिका अमुक संख्येकडे जात नाही हे एप्सिलॉनच्या भाषेत कसे म्हणायचे. साठ मुलांच्या वर्गात तीन-चार हात वर आले. त्यांनी घाई केली नाही. एकेकाचे चुकलेले वाक्य फळ्यावर तसेच लिहून ते कुठे फसते ते दाखवले. वीस मिनिटे त्यात गेली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने वहीत स्वतःचे वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, ‘हे मला दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.’

आता घराच्या वेळापत्रकाचा कागद पुढे आला. आई साडेनऊला निघते आणि सहाला येते. दुसऱ्या महाविद्यालयात गेल्यास मुलगी पावणेसातची सिटीलिंक बस पकडून निघेल आणि द्वारका चौकातील कोंडी धरूनही दीड-पावणेदोनला घरी असेल. मधले चार तास मदतनीस बाई ठेवता येतात. पहिल्या महाविद्यालयात गेल्यास ती साडेदहाला निघेल आणि चारला येईल. ते साडेपाच तास होतात, शिवाय फिजिओथेरपिस्ट दुपारी तीनला येतात त्या वेळी घरी कोणी नसते. दोन किलोमीटरवरचे महाविद्यालय या घरासाठी बारा किलोमीटरवरच्या महाविद्यालयापेक्षा लांब निघाले. हे मी आधी कोणाला सांगितले असते तर पटवून देता आले नसते; कागदावर दोन रांगा शेजारी मांडल्यावर आईलाच ते आधी दिसले.

कोणते दार

महाविद्यालय ठरले, तरी वर्ग ठरला नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या बाजूने एक मोठे कारण होते : २०२६ मध्ये पदवी हातात. आयआयटींमधील एम.एस्सी.साठी फेब्रुवारीत होणारी जॅम ही परीक्षा ती पुढच्याच हिवाळ्यात देऊ शकली असती. वडिलांचे निवृत्तिवेतन आणि आईचा पगार यांवर औषधपाणी चाललेल्या घरात एक वर्ष म्हणजे केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न नसतो, हेही मी विसरत नाही.

विरुद्ध बाजूला तीन गोष्टी होत्या. समकक्षता पेपरागणिक तपासली जाणार होती आणि सदिश कलनासह दुसऱ्या वर्षाचे काही पेपर तिसऱ्या वर्षासोबत देण्याची अट पडण्याची शक्यता विभागप्रमुखांनी आधीच बोलून दाखवली होती. दुसरे, तो जुन्या आकृतिबंधाचा शेवटचा वर्ग होता. एखाद्या पेपरात बॅकलॉग राहिला असता तर पुढच्या वर्षी तो विषय शिकवणारा वर्गच मागे नव्हता, फक्त परीक्षेच्या मोजक्या संधी उरल्या असत्या. आजारपण असलेल्या घरातील विद्यार्थ्याने असा पत्ता खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरे कारण त्या सहा प्रश्नांचे. जॅमच्या गणिताच्या अभ्यासक्रमात रिअल अ‍ॅनालिसिस, अनेक चलांचे कलन व विकलक समीकरणे, आणि लिनिअर अल्जिब्रा व अल्जिब्रा हेच विषय येतात. तीन तासांत साठ प्रश्न, आणि त्यांतील काहींना एकाहून अधिक पर्याय बरोबर. ‘उघड आहे’ म्हणणारा विद्यार्थी तिथे नेमका फसतो.

मी दुसऱ्या वर्षाचा सल्ला दिला. मावशीला तो पटला नाही, आई द्विधा होती. निर्णय मुलीने घेतला, आणि तो घेताना तिने जे सांगितले ते माझ्या कारणांहून वेगळे होते. तिसऱ्या वर्षात बसलो तर रोज रात्री मागचे भरून काढावे लागेल आणि रात्री आपल्या नाहीत, असे ती म्हणाली. दुसऱ्या वर्षात निम्मे तरी येत असलेले असेल; जे येत नाही ते वर्गातच शिकता येईल.

त्यानंतरची वाट

कागदपत्रांनी अपेक्षेपेक्षा जास्त त्रास दिला. टीसी आणि मायग्रेशन प्रमाणपत्र वेळेत मिळाले, पण नाशिकच्या कार्यालयाला प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम पूर्वीच्या महाविद्यालयाच्या सही-शिक्क्यासह हवा होता आणि तो मिळवायला तिला दोनदा जावे लागले; पहिल्यांदा मिळालेल्या प्रतींवर शिक्का होता, सही नव्हती. सप्टेंबर संपेपर्यंत तिचा प्रवेश तात्पुरताच होता. ज्यांना असा बदल करायचा आहे त्यांनी जुने महाविद्यालय सोडण्याच्या दिवशीच, निरोप घेण्याआधी, सर्व सत्रांचे अभ्यासक्रम साक्षांकित करून घ्यावेत. नंतर तो कागद कोणाच्याच टेबलावरचा नसतो.

ऑक्टोबरमध्ये श्रेयांक-मान्यतेचा निकाल कळला. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण मान्य झाले आणि दुसऱ्या वर्षातील भाषा, खुले ऐच्छिक विषय आणि कौशल्य अभ्यासक्रम मिळून आणखी १० मान्य झाले. १३२ पैकी ५४ बाहेरचे, ७८ नाशिकचे. निम्म्याची अट आरामात पूर्ण होत होती. त्या दहा श्रेयांकांमुळे तिच्या आठवड्यात चार तास मोकळे झाले. आम्ही कोणीच हे आधी हिशेबात धरले नव्हते. विभागप्रमुखांनी विचारले, मोकळ्या तासांचे काय करणार? तिने तिसऱ्या वर्षाच्या मेट्रिक स्पेसेसच्या तासाला बसण्याची परवानगी मागितली.

सगळे सुरळीत झाले असे म्हणता येत नाही. ऑगस्टमधील पहिल्या अंतर्गत परीक्षेत, ज्या विषयात ती पूर्वी अव्वल होती त्या अनेक चलांच्या कलनात, तिला पंधरापैकी सहा मिळाले, कारण प्रश्न ‘सिद्ध करा’ या क्रियापदाचे होते. पास झालेल्या पेपरात सहा गुण पडल्याचा तिला धक्का बसला, आठवडाभर ती माझ्याकडे फिरकली नाही. डिसेंबरातील सत्र परीक्षेत त्याच विषयात तिने बरी कामगिरी केली. कल्याणचे वर्गमित्र २०२६ मध्ये पदवीधर होतील आणि ती २०२७ मध्ये, हे तिला टोचते. मावशीनेही अजून माफ केलेले नाही.

आणि काही प्रश्न तसेच आहेत. कल्याणच्या दुसऱ्या वर्षाचे ३४ श्रेयांक बँकेत पडून आहेत आणि २०३२ पर्यंत त्यांचा कुठे उपयोग झाला नाही तर ते विरून जातील. त्याहून मोठा प्रश्न चौथ्या वर्षाचा. २०२७-२८ मध्ये हे महाविद्यालय गणिताचे ऑनर्सचे चौथे वर्ष सुरू करणार की नाही, यावर तिने तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. घ्यायची की चार वर्षांनंतर एक वर्षाची, हे अवलंबून राहील, आणि त्याचे उत्तर आज विभागप्रमुखांकडेही नाही. तोपर्यंत वडील काठीच्या आधाराने गॅलरीपर्यंत जाऊ लागले आहेत, त्यामुळे पुण्याचा विषयही कदाचित पुन्हा निघेल. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेअकराच्या तासाला ती जुन्या आकृतिबंधाच्या त्या शेवटच्या वर्गात, हजेरीपटावर नाव नसताना, मागच्या बाकावर बसते.